थंडीची तयारी

आमच्या घरात शिरताना शेजारचे गृहस्थ चपला काढायच्या आधी खिशातून पिस्तुलासारखं थर्मामीटर काढायचे आणि समोरच्या भिंतीवर रोखायचे. आकडा बघून गंभीरपणे मान हलवायचे आणि म्हणायचे, "हबीबी, भिंत गार पडायला लागलीय. तयारी केलीत का?"

ही भिंत शारजातली, अल मजाजमधल्या आमच्या टॉवरची. महिना नोव्हेंबरचा. खाली लगूनच्या, म्हणजे खाडीच्या पाण्याच्या, काठावर लोक अर्ध्या बाह्यांच्या शर्टात आइस्क्रीम खात फिरत असायचे.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल. कुणी पार्किंगवर बोलतो, कुणी पाण्याच्या टाकीवर. आमच्या वाट्याला हिवाळ्यावर बोलणारा आला होता. गृहस्थ मूळचे मुलुंडचे, दुबईच्या देऱ्यातल्या एका ट्रेडिंग ऑफिसात पर्चेस मॅनेजर. कंपनीने त्यांना एकदा जर्मनीला पाठवलं होतं. तिथल्या हॉटेलातल्या हीटरला हात लावून ते परत आले आणि तेव्हापासून आखातातल्या हिवाळ्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली.

दिवाळीचे कंदील उतरले की तयारी सुरू व्हायची. आधी गीझर. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच उकळतं, त्यामुळे गीझर महिनोन्‌महिने बंद असतो. तो चालू करायला एक बटण दाबावं लागतं. पण हे गृहस्थ मजल्यावरच्या प्रत्येक घरी जाऊन ते बटण स्वतः दाबायचे आणि पाणी तापेपर्यंत बाथरूमच्या दारात उभे राहायचे. यजमानांना आंघोळीला जायचं असलं तरी.

मग त्यांच्या स्वतःच्या घराचा नंबर. खिडक्यांच्या फटींना फोमची पट्टी, एसीच्या जाळ्यांवर पुठ्ठा, बाथरूमच्या पंख्यावर पुठ्ठा, बाल्कनीच्या दाराला चारही बाजूंनी टेप. शेवटी माळ्यावरून तेलाचे दोन हीटर उतरायचे. मग त्यांच्या घरी चहाला जाणं म्हणजे शिक्षा. वहिनी पदराने वारा घेत बशी पुढे करायच्या. मुलगी हाफ पँटमध्ये बसून म्हणायची, "बाबा, इट्स नॉट ईव्हन कोल्ड." हे तिचं वाक्य ते दरवर्षी हसण्यावारी न्यायचे. "थंडी आली की कळेल. इन्शाल्ला, आपण तयार असू."

आम्ही सगळे त्यांची यथेच्छ टिंगल करायचो. त्यांच्या देखतही करायचो. ती त्यांच्यापर्यंत पोचायची नाही, कारण कानटोपी.

एका जानेवारीत मात्र थंडी खरंच आली. दिवसभर पाऊस, लगूनवरून बोचरा वारा. त्यांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला होता. संध्याकाळी त्यांनी दोन्ही हीटर, गीझर आणि किटली एकदमच लावली आणि अख्ख्या घराची वीज गेली. इलेक्ट्रिशियन सकाळी येईल, असं वॉचमनने सांगितलं. दुसरा कुणी असता तर चादर घेऊन बसला असता. हे तयार होते. वाळवंटातल्या पिकनिकला नेतात तशी कोळशाची शेगडी त्यांनी हॉलच्या मधोमध पेटवली.

आम्ही जेवायला बसलो होतो. बेल वाजली. दारात त्यांची मुलगी, भिंतीला धरून उभी. ती आपल्या खोलीत दार लावून मोबाइलच्या उजेडात अभ्यास करत होती आणि डोकं दुखायला लागलं म्हणून बाहेर आली होती. एवढंच म्हणाली, "अंकल, मम्मी इज नॉट वेकिंग अप."

आम्ही नवरा-बायको धावलो. अंधारात शेगडीचे निखारे तेवढे लाल. वहिनी सोफ्यावर आडव्या, मान एका बाजूला कललेली. हे जमिनीवर भिंतीला टेकून बसलेले, हातात ते थर्मामीटरचं पिस्तूल. माझ्याकडे बघून त्यांनी ओळखीचं हसायचा प्रयत्न केला.

"सव्वीस झालं, हबीबी," ते जड जिभेने म्हणाले. "दार लावा. थंडी येतेय."

मी बाल्कनीचं दार ओढलं. हलेना. इतकं चोख काम त्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या कुणी केलं नसेल. माझ्या बायकोने स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि त्यांची ती जिवापाड लावलेली टेप टराटरा कापली. दार उघडलं तसा वारा पावसासकट आत घुसला. शेगडी बाल्कनीत ढकलली, वहिनींना उचलून बाहेर कॉरिडॉरमध्ये आणलं, मग यांना. यांनी वाटेत दोनदा सांगितलं, दार उघडं राहिलंय.

हॉस्पिटलात तिघांनाही ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाल्या की जळत्या कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपतो तो झोपतोच. मुलगी आणखी थोडा वेळ अभ्यास करत बसली असती तर तिघंही गेली असती. शुद्धीवर आल्यावर वहिनींनी आधी मुलगी कुठे आहे ते विचारलं. ती शेजारीच होती. तिचा हात हातात घेऊन त्या नवऱ्याकडे न बघताच बोलल्या. आवाज अजिबात चढवला नाही.

"आजपासून माझ्या घरात थंडीचं नाव काढायचं नाही."

त्यांनी काढलं नाही. घरी आल्यावर सगळे पुठ्ठे स्वतः उतरवले. हीटर कुणाला तरी देऊन टाकले. पुढच्या नोव्हेंबरात आमची बेल वाजली नाही. गीझरचं बटण आमचं आम्हीच दाबलं. लिफ्टमध्ये भेटले की ते मजल्यांचे आकडे बघत उभे राहायचे. एवढी वर्षं ज्यांच्यावर हसलो, त्यांनी आता हसायला काही ठेवलं नव्हतं. हे जरा गैरसोयीचंच झालं.

आता ते इथे नाहीत. नोकरी संपल्यावर दोघं मुलुंडला परत गेली. पण त्यांची आठवण निघाली की मला दुबई एअरपोर्टवरचा एक दिवस आठवतो. मुलीला कॅनडात ॲडमिशन मिळाली होती. खऱ्या बर्फाच्या देशात. गाडी माझी, म्हणून आम्हीही सोडायला गेलो होतो. महिनाभर अख्खा टॉवर त्या मुलीला थंडीवर सल्ले देत होता. कधी जाकीट न घातलेल्या बायका तिला जाकिटं सुचवत होत्या. बाप तेवढा गप्प. एअरपोर्टवरही तो ट्रॉलीचं चाक नीट फिरतंय का, ते बघत होता.

आत जायची वेळ झाली. मुलगी आईच्या गळ्यात पडली, मग बापासमोर येऊन थांबली. लहानपणापासून आमच्याशी, आईबापाशी, सगळ्यांशी इंग्रजीत बोलणारी ती पोर हळूच म्हणाली,

"बाबा, तिकडे खोलीत हीटर कसा लावायचा?"

त्यांनी चटकन वहिनींकडे पाहिलं. शाळेत उत्तर येत असूनही मास्तरांनी हात वर करायला बंदी केलेल्या मुलासारखं. वहिनींनी होकारार्थी मान हलवली.

ते घसा खाकरून म्हणाले, "आधी एक खिडकी थोडी उघडी ठेवायची."

मुलीने त्यांच्या हातातली ट्रॉली घेतली, "हो बाबा," म्हणाली आणि आत गेली.