अ‍ॅसिड न घातलेली बाटली

पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तिला सगळे बाटलीबाई म्हणत. एकवीस वर्षं नमुने तिच्याच हातून जात. काम शिकवलं होतं मोठ्या साहेबांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, "शिसं बघायचंय ना? मग नमुना घेतल्या घेतल्या बाटलीत अ‍ॅसिड. नाहीतर शिशाचा क्षार बाटलीला चिकटून बसतो, वरचं पाणी चांगलं दिसतं आणि आपण फसतो. अ‍ॅसिडात तो विरघळतो, मग लपायला जागा नाही."

दोन वर्षांपासून जुन्या नळांच्या गल्लीतले नमुने साहेब स्वतः आणत. या वयात केवढी तळमळ, म्हणून ती त्यांच्यासाठी चहा करून ठेवी.

त्याच गल्लीत राहणारी तिची धाकटी बहीण एका सकाळी बाटलीभर पाणी घेऊन आली. "ताई, डॉक्टर म्हणतात माझ्या छकुलीच्या रक्तात शिसं आहे."

"अगं, मागच्याच महिन्यात तुमच्या गल्लीचं पाणी चांगलं असल्याचा अहवाल दिलाय. माझी सही आहे त्यावर."

तरी तिने अ‍ॅसिड घालून पाणी तपासलं. शिसं मर्यादेच्या अकरा पट!

तिने फळीवरच्या, त्या गल्लीतल्या मागच्या महिन्याच्या सात बाटल्या काढल्या. चिठ्ठीवर साहेबांचं वळणदार अक्षर: 'अ‍ॅसिड घातले'. तिने अ‍ॅसिड ओळखायची कागदी पट्टी एकेका बाटलीत बुडवली. एकाही पट्टीचा रंग बदलला नाही. नुसतं पाणी होतं ते. मग तिने सातही बाटल्यांत अ‍ॅसिड घातलं, एक दिवस थांबली आणि पुन्हा मोजलं. सातही आकडे वर गेले.

साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "वरून दबाव होता. नळ बदलायचं कुणाच्याच मनात नव्हतं."

"मग सही तुम्ही करायची होती, सर."

"तुझ्या सहीवर कुणी शंका घेत नाही."

स्टुलावर बसून ती म्हणाली, "त्या गल्लीत माझी भाची राहते, छकुली. तिच्या रक्तात शिसं निघालंय."

"मला कल्पना नव्हती गं."

"असती तर तिच्यापुरतं अ‍ॅसिड घातलं असतंत?"



सातही आकडे आणि आपले दोन वर्षांचे खोटे ठरलेले अहवाल तिने वर पाठवले. गल्लीतले नळ बदलले. चौकशीत ठपका दोघांवर आला. साहेब ठरल्या तारखेला निवृत्त झाले. तिची बदली भांडारात झाली.

छकुलीच्या रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. बहीण मात्र एकदा भाजी निवडता निवडता थांबली. "ताई, खरं सांग, तुला खरंच काहीच माहीत नव्हतं?"

"नव्हतं," ती म्हणाली.

बहिणीने मान हलवली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. वर काही बघितलं नाही.