दगडूला सांगितलं होतं का?

दुबईच्या जबल अलीत गोदामाच्या बांधकामावर सोमनाथ सेफ्टीवाला होता. माणूस सरळ, अगदी नको तितका! रोज सकाळी सहाला मजुरांना उभं करून बजावायचं, उंचावर गेलात की पट्ट्याचा हूक अडकवा, आणि ऐकल्याची सही घ्यायची. सही नाही तर अर्ध्या दिवसाची हजेरी गेली. कॅम्पची बस उशिरा आली की मागून येणाऱ्यांच्या सह्या सोमनाथच ठोकून द्यायचा. भलंच करत होता की बिचाऱ्यांचं!

त्या मंगळवारी बस उशिरा आली. बीडकडच्या दगडूचा कामावरचा तो पहिलाच दिवस. तो उतरला तो थेट शिडीवर चढला, आणि हूक न लावताच तिसऱ्या मजल्यावरून पडला. कंबर कायमची गेली. कागदावर मात्र त्याची ठसठशीत मराठी सही होती. सोमनाथने केलेली.

कंपनी म्हणाली, माहीत असून हूक लावला नाही, चूक त्याचीच, भरपाई मिळणार नाही. खरं बोलावं तर सोमनाथची नोकरी जाणार, नोकरीबरोबर व्हिसा, आणि लेकीचं, मिहिकाचं, कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. मिहिका फिलॉसॉफी शिकत होती.

"बाबा, सॉक्रेटिस सेज, नोबडी डज राँग नोइंगली," ती जेवताना म्हणाली. "चांगलं काय ते ज्याला खरंच कळलं, तो वाईट करूच शकत नाही. वाईट केलं की आपल्याच सोलला इजा होते ना!"

"आणि कळत असून केलं तर?"

"देन यू डिडन्ट रिअली नो, बाबा. सिंपल!"

सोमनाथ भात कालवत राहिला. त्याला तर सगळं लख्ख कळत होतं. कळूनही आत काहीच हलत नव्हतं, ना भीती, ना लाज. याचंच त्याला जरा नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीचा अधिकारी हॉस्पिटलात आला. दगडूला मराठीशिवाय काही येईना, म्हणून दुभाष्या सोमनाथच. सांगून टाकायचं, असं त्याने लिफ्टमध्ये ठरवलंही होतं. अधिकाऱ्याने इंग्रजीत विचारलं, ते त्याने मराठीत केलं.

"दगडू, त्या दिवशी हूक अडकवायला सांगितलं होतं का तुला?"

दगडू छताकडे बघत बराच वेळ आठवत राहिला. "बसमधनं उतरल्यालं आठवतंय सायेब, अन् मग शिडी. मधलं काय बी न्हाई. पर माझी सही हाय म्हनत्यात, खरं का?"

"आहे."

"मग सांगितलंच असंल की. पडल्यापासनं डोस्कं जाग्यावर न्हाई माझं." त्याचे डोळे भरून आले. "माफी करा सायेब. समदी म्हनत्यात, तुमी लई जीव तोडून सांगता. माझ्यापायी तुमाला हितवर यावं लागलं."

अधिकारी पेन उघडून सोमनाथच्या तोंडाकडे बघत होता.

"ही सेज येस," सोमनाथ म्हणाला.