डोक्यातला पांढरा ठिपका

थांब, ठेवू नकोस. फोनवर नुसतं 'बरी हाय' म्हणतीस आणि ठेवून देतीस, आजीशी असं बोलतात होय? लहानपणी तुला काय झालतं म्हणून विचारलंस ना, मग आता सगळं ऐकायचं.

तू पाच वर्षांची होतीस. जेवता जेवता तुझा उजवा हात आपोआप उडायला लागला, तोंड वाकडं झालं, हाक मारली तर ओळख न्हाय. शेजारणीनं कांदा फोडून नाकाला लावला. कुणी म्हणालं बाहेरचं, कुणी म्हणालं दृष्ट. तुझ्या बापानं कुणाचं ऐकलं नाही, शिरोळातनं तुला तसंच उचलून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं, मी संगतीला होते.

तिथं डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरून दाखवला. मेंदूत बारकं कडं आणि कड्यात ठिपका. टीबीची गाठबी अशीच दिसते म्हणून घरात टीबी कुणाला हाय का, त्यांनी विचारलं. न्हाय म्हटलं. मग विचारलं, डुकराचं मटण खाता का?

झालं! तुझा बाप ताडकन उठला. "अंडंसुद्धा शिवत न्हाय आम्ही, आन् तुम्ही डुक्कर इचारता?" तुला खांद्यावर टाकून चालता झाला.

मी मात्र बसून राहिले. म्हटलं, बाई, मग आमच्या पोरीच्या डोक्यात हे आलं कुठनं? त्यांनी नीट सांगितलं, हा ठिपका बहुतेक जंताचा. कच्चं डुक्कर खाणाऱ्याच्या पोटात तो जंत वाढतो, पण त्याची अंडी माणसाच्या विष्ठेतनं मातीत, पाण्यात जातात, तिथनं भाजीवर. ती भाजी कच्ची खाल्ली की कुणाच्याही पोटात, आणि तिथनं रक्तावाटे मेंदूत. मला एकदम आपली मेथी दिसली. रानातनं उपटायची, माती झटकायची आणि तशीच भाकरीबरोबर खायची. आणि त्याच बांधाला सगळा गाव परसाकडं बसायचा.

बाहेर आले तर तुझा बाप पायरीवर बसलेला. मांडीवर तुझा हात पुन्हा उडत होता.

"आई, कुठं न्यायची हिला?"

"आत," मी म्हटलं.

तरी टीबीची गाठ नव्हेच, असं बाई छातीठोक सांगेनात. औषध देऊन काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन बघू म्हणाल्या. ते महिने कसे काढले, मलाच ठाऊक. तू घास उचललास की माझं लक्ष हातावर.

दुसऱ्या स्कॅनला कडं विरलेलं, जंतच होता तो. पांढरा ठिपका तेवढा राहिला. त्यानं पुढं कधी झटका येऊ शकतो, असं बाई म्हणाल्या. आला नाही अजून. पण तू फोन उचलला नाहीस की मी पुन्हा पुन्हा लावत बसते. लवकर सुट्टी काढ आणि ये बाई, डोळ्यांनी बघू दे तुला.