तोंडावरचा हात

माझे बाबा पार बहिरे होते, पण आमच्या घरात ते फारसं जाणवायचं नाही. आई त्यांच्याशी कधी पाठमोरी बोलली नाही. वीज गेली की आम्ही बॅटरीचा उजेड स्वतःच्याच तोंडावर पाडून त्यांना जेवायला हाक मारायचो. बाबा ओठ वाचायचे. इतक्या सफाईने, की पेडण्याच्या बाजारात पलीकडच्या दुकानातलं भांडण आम्हाला अलीकडे उभं राहून सांगायचे.

ही विद्या त्यांना मुंबईच्या कापड गिरणीने दिली. दिली कसली, कान घेतले आणि बदल्यात ही हातावर टेकवली. त्यांच्या काकाने त्यांना नवव्या वर्षी मुंबईला नेलं आणि साचेखात्यात सुताच्या कांड्या भरायला लावलं. साचे, म्हणजे कापडाचे माग, चालू झाले की शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथे सगळे ओठांनी बोलत. तपासणीस आला की बाबांना सुताच्या टोपल्यांमागे दडवत. लोक अजून कौतुकाने म्हणतात, लहानपणापासून कष्ट केले हो त्यांनी. माझं डोकं फिरतं. त्या वयात पोराने आईच्या पदराला धरून फिरायचं असतं.

घरात बाबांचा एकच कायदा होता. त्यांच्यादेखत तोंडावर हात धरून बोलायचं नाही. लहानपणी एकदा भावाने आणि मी गंमत म्हणून तसं केलं. कधी हात न उगारणाऱ्या बाबांनी भावाच्या थोबाडीत दिली, आणि मग पडवीत जाऊन स्वतःच रडत बसले.

का, ते आईने सांगितलं. गिरणीत एकदा गावचा माणूस काकाला भेटायला आला होता. दोघे साच्यांच्या मधे उभे होते. बोलता बोलता काकाने बाबांकडे पाहिलं आणि तोंडावर हात धरला. काहीतरी आपल्यापासून लपवताहेत, एवढंच पोराला कळलं. पुढे गणपतीच्या चवथीला बाबा गावी आले, तेव्हा आपल्या आईला हाका मारत ते थेट चुलीपाशी गेले. तिथे त्यांची मावशी बसली होती. त्यांची आई केव्हाच गेली होती. सांगितलं असतं तर पोर रडत गावी पळालं असतं आणि कामाची जागा गेली असती, म्हणून काका गप्प राहिला.

कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई आणि बाबा दोघेही आजारी पडले. त्यांना वेगवेगळ्या वॉर्डांत ठेवलं होतं. आई गेली. बाबांना इतक्यात सांगू नका, त्यांना सोसणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. भावालाही ते पटलं. मी मुळगावला, सासरी, फोन कानाला लावून नुसती रडत होते.

मग दवाखान्यातून फोन आला. आजोबा कुणाचंच ऐकत नाहीत, ऑक्सिजनचा मास्क काढून फेकतात, घरचं कुणीतरी या. ऐकतील कसे? आजूबाजूला एकही तोंड उघडं नव्हतं.

मला किट घालून आत सोडलं. त्यांनी मला डोळ्यांवरून ओळखलं आणि माझ्या तोंडाकडे बोट केलं. मास्क सगळ्यांनाच घालावा लागतो, हे मी हातवारे करून सांगायला लागले. त्यांनी मान हलवली.

"तोंड उघड गो चेडवा," ते म्हणाले. "सगळ्यांनी तोंडां झाकल्यानी हत. माझ्यापासून कित्याक लपयतास? गेली मा गो तुजी आवय?"

नर्स मागून ओरडत होती. मी चेहऱ्यावरची काच वर केली, मास्क हनुवटीखाली ओढला. आई गेली, एवढंच म्हणायचं होतं. ओठ हलले, पण घशातून आवाज फुटेना.

त्यांना आवाज लागतच नव्हता. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. मग हात वर करून त्यांनी माझा मास्क ओढला आणि नाकावर नीट बसवला.