अनलिमिटेड बंद झालं, असं मी आईला सांगितलं

वडील गेल्यानंतर आई शहाडच्या घरात एकटी राहू लागली. ठाण्याला माझ्याकडे ये म्हटलं की "बघू" म्हणायची, आणि तिचं "बघू" म्हणजे नाही, हे मला आणि डोंबिवलीच्या ताईला लहानपणापासून माहीत होतं. मग मी एक तोड काढली. ऑफिसला पोचलो की तिला व्हिडिओ कॉल लावायचा आणि तो संध्याकाळपर्यंत बंदच करायचा नाही. तिने फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवायचा, मी माझा टेबलावर. बोलायलाच पाहिजे असं नाही. ती तिचं काम करायची, मी माझं. मध्येच कुकरची शिट्टी व्हायची आणि शेजारच्या टेबलावरून प्रश्न यायचा, "काय, आज डाळ वाटतं?" तिच्या फोनला अनलिमिटेड नेटचा प्लॅन होता. कॉल कितीही वेळ चालू ठेवला तरी बिघडत नव्हतं.

नातेवाइकांत माझं कौतुक झालं. एका लग्नात मामी ताईला सगळ्यांसमोर म्हणाली, "भावाकडून शिक काहीतरी."  मला बरं वाटलं, हेही सांगून टाकतो.

पुढे मात्र मला त्या कॉलचा जाच होऊ लागला. आईवर लक्ष राहावं म्हणून लावलेल्या कॉलमधून आईच माझ्यावर लक्ष ठेवत होती. "मघाशी आलेला तो माणूस तुझ्याशी असा का बोलत होता?" "दुसरा चहा झाला हं तुझा." मी कोणाशी हसलो, डबा अर्धा का ठेवला, सगळं तिला दिसायचं. मी फोन हळूच छताकडे वळवून ठेवायला लागलो. थोड्या वेळाने फोनमधून आवाज यायचा, "अरे, पंखाच दिसतोय नुसता."

अशात आईच्या मोबाइल कंपनीचा मेसेज आला. पुढच्या रिचार्जपासून अनलिमिटेड प्लॅन बंद, रोजच्या नेटला मर्यादा, तीही तासाभराच्या व्हिडिओ कॉलमध्ये संपेल इतकीच. आईचं रिचार्ज मीच करायचो, म्हणून तिच्या नंबरचे मेसेजही माझ्याकडे यायचे. पाठोपाठ दुसरा मेसेज आला: ज्यांना जास्त नेट लागतं त्यांच्यासाठी मोठा पॅक आहे. थोडा महाग होता, पण मला जड जाण्यासारखा नव्हता. मी दोन्ही मेसेज वाचले आणि आईला पहिलाच सांगितला.

मर्यादा लागू झाली त्या दिवशी ती कणीक मळत असताना चित्र थिजलं. परातीवर वाकलेली आई तशीच स्क्रीनवर राहिली. मी कॉल बंद केला, फोन खिशात टाकला आणि खाली जाऊन निवांत चहा प्यायलो.

संध्याकाळी तिचा साधा फोन आला. "कंपनीने बंद केलं की तू?"

"अगं, कंपनीने. सगळ्यांचंच केलंय."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाकोणाचं?"

आई ऐकून गप्प बसणारी बाई नाही. तिने चौकशी सुरू केली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "माझं तर चालू आहे हो. काल अख्खी मालिका बघितली." वहिनींच्या घरात त्यांच्या मुलाने वायफायचा डबा बसवलाय आणि त्यांचा फोन त्यावर चालतो, हे वहिनींनाच ठाऊक नव्हतं. ताईचंही चालू होतं, कारण तिची कंपनी वेगळी. आईने हिशेब लावला आणि मला कळवला, "त्यांचं चालू, हिचं चालू, माझंच बंद. कंपनीचं माझ्याशी काय वाकडं आहे रे?"

मी वायफाय समजावून सांगितलं. जितकं समजावलं तितकं ते मलाच खोटं वाटायला लागलं. मग तिने ताईलाही विचारलं, तो खरं बोलतोय का म्हणून. ताईने मला फोन करून विचारलं, "खरं बोलतोयस ना?" म्हणजे आता दोघी होत्या. मी चिडलो. खरंच बोलत होतो, म्हणून जरा जास्तच चिडलो.

शेवटी आईच म्हणाली, "मला कंपनीत घेऊन चल."

शनिवारी आम्ही कल्याणला कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे त्यांच्या दुकानात गेलो. आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक निवृत्त गृहस्थ जुनी जाहिरात काउंटरवर आपटून सांगत होते, "अनलिमिटेड लिहिलंय. मी चष्मा लावून वाचलंय. वाचा तुम्ही पण." एक रिक्षावाला म्हणत होता, "मॅडम, दुपारीच नेट खतम. भाडं ॲपवर येतं, मी काय नाक्यावर बोंबलू?" मागून कोणीतरी ओरडलं, "आधी फुकटची सवय लावायची आणि मग गळा धरायचा!" एका बाईंची खात्री होती की आपण झोपल्यावर कंपनीच नेट वापरून टाकते. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला तेच वाक्य सांगत होती आणि तिच्यावर कोणाचाच विश्वास नव्हता.

आई ऐकत उभी होती. हळूहळू तिचा चेहरा सैल झाला. माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "अरे, खरंच की! सगळ्यांचंच केलंय मेल्यांनी." आणि मग ती इतक्या जोरात भांडायला लागली की रिक्षावाल्याने तिला पुढे जागा करून दिली. "काय गं, म्हाताऱ्या माणसांनी दिवसभर भिंतीशी बोलायचं का? तुमच्यापायी मी माझ्या मुलाला नाही नाही ते बोलले!" इतकं खूश मी तिला वडील गेल्यापासून पाहिलं नव्हतं. मी तेव्हाच तिला बाजूला घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. तिने मला निर्दोष ठरवलं होतं, आणि ते मला सुखाचं वाटत होतं.

त्या मुलीने नंबर विचारला, कॉम्प्युटरवर बघितला. "आजी, मोठा पॅक आहे ना. तो मारला की दिवसभर व्हिडिओ कॉल चालेल. आम्ही मेसेज पाठवलेला. तुमच्या नंबरला दुसरा नंबर जोडलाय, त्याच्यावर गेला असेल."

"दुसरा नंबर माझ्या मुलाचा," आई म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "आलेला?"

"आलेला."

मागची माणसं पुढे सरकायला बघत होती. आई त्या मुलीला म्हणाली, "राग मानू नको हं, बाळ. मी भलत्याच माणसावर ओरडले." आणि बाहेर पडली.

आमची रिक्षा शहाडच्या पुलावर आली. मी म्हणालो, "आत्ता लगेच पॅक मारतो."

"आता नको. आता तू लावलास तरी मला वाटत राहणार, हा तिकडे तोंड वाकडं करून बसलाय." मग म्हणाली, "नको झालं होतं तर सांगायचंस. मी काय दोरीने बांधून ठेवलं होतं?"

मी पॅक मारलाच. तिने एकदाही कॉल घेतला नाही. साध्या फोनवर बोलते, तेही कामापुरतं.

म्हणून आता मी अधूनमधून ऑफिसमधून थेट शहाडला जातो. पहिल्या वेळी तिने दार उघडलं आणि तिथेच उभी राहिली. "आज कसा काय आलास? ताईने पाठवलं?"

"कोणी नाही पाठवलं. मीच आलो."

आत घेतलं, चहा दिला. चहा संपला. मी घड्याळाकडे बघितलं, तेही तिने टिपलं. "कंटाळला असशील तर जा. पण तसं सांगून जा."

मी म्हणालो, "कंटाळलोय थोडा. तरी बसतो अजून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. बाजारात आंबा हातात घेऊन बघते, तशी. तिचा विश्वास बसला की नाही, मला आजही सांगता येणार नाही. तिने मटारची पिशवी माझ्यासमोर ओतली आणि मी सोलतो की नाही ते बघत समोर बसली.