उंदीरमामांचा उपास

आमच्या संगमनेरच्या कॉलेजातले उंदीरमामा कुणालाही "कसं काय?" असं विचारत नसत. थेट विचारत, "काय खाल्लंय का?" प्राचार्यांना विचारत, परीक्षेला आलेल्या पाहुण्यांना विचारत आणि प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांना तर दिवसातून दहादा. मूळचे पाथर्डीकडचे, अंगानं काटक, प्राणिशास्त्राचे शिपाई. त्यांची बायको म्हणायची, "फुडल्या जन्मी मी उंदीरच व्हते, म्हंजी माज्याकडं बगशीला."

मी तिथं नवी डेमॉन्स्ट्रेटर आणि डोक्यात पीएच.डी.चं खूळ. उंदराच्या रायबोसोममधलं एक प्रथिन आणि त्याचं जनुक काय काम करतं, हा विषय. मामांना समजावलं, "पेशीत प्रथिनं बनवणारा कारखाना असतो. त्यातला एक कामगार नेमकं काय करतो, ते शोधायचंय."

मामा गंभीर झाले. "आन् त्यासाठी कारखानाच फोडायचा? त्येलाच इचारा की!"

उंदराच्या यकृताचा रस नळीत गरागरा फिरवून रायबोसोम तळाला बसवणारं यंत्र पुण्याला. उंदीर इथं वाढवायचे आणि टोपलीतून एसटीनं न्यायचे. अट एकच, आदल्या संध्याकाळपासून त्यांना उपाशी ठेवायचं. नाहीतर यकृतातला साखरेचा साठा रायबोसोमांबरोबर तळाला बसतो आणि सगळी मेहनत वाया.

दोनदा तळाला नुसता खळीसारखा पांढरा गोळा आला. दुसऱ्या वेळी पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक सरांनी उंदराचं पोट उघडून पाहिलं. आत ज्वारीची भाकरी! "बाई, यंत्रावर आता एकच पाळी देतो. नाही जमलं तर विषय सोडा," ते म्हणाले.

परत येऊन मामांवर अशी काही तडकले म्हणता! त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, औंदा दुस्काळ. आमच्याकडं मानसं अर्ध्या भाकरीवर हायेत. आन् ह्यो जीव तर मरायलाच निगालाय. फाशीवाल्याला बी इचारत्यात, काय खानार म्हून. मला न्हाई ऱ्हावत."

शेवटच्या पाळीला मी पिंजऱ्याची किल्ली मागितली. "ऱ्हाऊ द्या माज्यापाशी. ह्या बारीला न्हाई घालत," मामा म्हणाले. टोपली घेतलेल्या मामांबरोबर मी धास्तावूनच एसटीत चढले. नारायणगावला सगळे चहाला उतरले, पण मामा टोपली मांडीवर घेऊन बसूनच. मी आणलेली भजीही घेईनात.

"काल सांजंपास्नं ह्यांच्यासंगं उपास धरलाय. माज्या बी पोटात काय न्हाई, मंग ह्यास्नी भाकर घालाया हात वळत न्हाई." आणि टोपलीत वाकून म्हणाले, "थांबा रं, बाईंचं काम व्हऊ द्या."

मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले.

त्या दिवशी नळीच्या तळाला काचेसारखा स्वच्छ ठिपका आला. मी धावत बाहेर आले. मामांनी एवढंच विचारलं, "झालं? मंग जेवू का?"

पुढं दर पाळीला त्यांनी उपास धरला. निवृत्तीच्या दिवशी किल्ली माझ्या हातात देत म्हणाले, "त्या कामगाराचं काम घावलं का?"

"पुरतं नाही अजून, मामा."

"आवो, रोज खातं बदलत आसंल. आसू द्या. पर ह्यास्नी एकल्यानं उपाशी ठिवू नगा."

मामा गेले, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. पण उंदरांचा उपास असला की मीही कधी डबा नेला नाही. नवे शिपाई विचारायचे, "बाई, आज संकष्टी का?" मी खुशाल हो म्हणायचे.