कुणालाही जाऊ न देणारे भाऊसाहेब

लातूर जिल्हा कागदावर सरकारने केला, पण टिकवला आमच्या भाऊसाहेबांनी, हे मी आजही कुणाशीही वाद घालून सिद्ध करायला तयार आहे. भाऊसाहेब म्हणजे आमच्या कचेरीतले अव्वल कारकून. जिल्हा नवा, कचेरी भाड्याच्या गोदामात, खुर्च्या कमी, माणसं त्याहून कमी आणि वर दुष्काळ. टँकर आला की अर्धी कचेरी घागरी घेऊन रांगेत. तिथं राहणार कोण? येणारा प्रत्येक जण बॅग उघडायच्या आधी बदलीचा अर्ज लिहायचा. तो वर जायचा भाऊसाहेबांच्या मार्फत, आणि सगळा घोळ तिथंच व्हायचा.

कारण भाऊसाहेब अर्ज हातात घेत नसत, अर्जदाराला घेत. रोज सकाळी रेकॉर्डच्या पेटीवर उभे राहून ते आम्हाला भाषण देत. "जिल्हा आत्ता जन्मलाय, बाबांनो. तान्हं लेकरू टाकून कुनी जातं का?" ही सुरुवात ठरलेली. पुढे हिंमत, हौसला, जिम्मेदारी असे निजामाच्या वेळचे वजनदार शब्द येत. एकदा सगळे टँकरवर गेले होते आणि कचेरीत एकटा शिपाई होता, तर त्यांनी अख्खं भाषण त्याच्यापुढे केलं. शिपाई लातूरचाच. त्याला कुठं जायचंच नव्हतं. पुण्याहून आलेला टंकलेखक आंघोळीला पाणी नाही म्हणून तिसऱ्या दिवशी पळाला, त्याला यांनी एसटी स्टँडवर गाठलं. बोलण्याच्या नादात गाडी सुटली. तो भाषणामुळे थांबला की गाडी चुकल्यामुळे, यावर आमच्यात दोन तट होते. पण निवृत्त झाला तो लातुरातूनच. कहर केला तो ड्रायव्हरच्या निरोप समारंभात. नारळ देऊन झाला, शाल पांघरून झाली आणि भाऊसाहेब 'दोन शब्द' बोलले. ड्रायव्हर ढसाढसा रडला, दुसऱ्या दिवशी त्याने बदली रद्द करून घेतली आणि शाल घडी होऊन कपाटात परत आली.

मी किनवटचा, झाडीतला माणूस. लातूरच्या उन्हात माझा जीव सावलीसाठी कासावीस व्हायचा. माझा अर्ज त्यांनी वाचला आणि भाषण केलंच नाही. नुसतं म्हणाले, "एवढ्या गावांचे टँकरचे अर्ज तुझ्या टेबलावर हायत. तू गेल्यावर कोन वाचनार?" मी निमूटपणे अर्ज खिशात घातला. तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

या माणसाचं स्वतःचं घर मात्र नांदेडजवळच्या उमरीला. वहिनी तिथं शाळेत शिक्षिका, मुलगी लहान. शनिवारी ते एसटीने जात आणि सोमवारी पुन्हा पेटीवर हजर. वहिनींनी मागे लागून त्यांना नांदेडसाठी अर्ज करायला लावला आणि तीन वर्षांनी एकदाची ऑर्डर आली. ती हातात धरून ते आम्हाला म्हणाले, "तुमी नको म्हनत असाल तर न्हाई जात मी." आणि ते खरं होतं. एकाने जरी थांबा म्हटलं असतं, तरी ते थांबले असते.

सगळ्यांनी मला पुढे केलं. त्यांच्याच पद्धतीने बोल आणि अडकवून ठेव, असं बजावलं. मी दोन दिवस घोकून जोरदार भाषण तयार केलं. निरोप समारंभात उभा राहिलो, तर समोरच्या बाकावर वहिनी. मुलगी त्यांच्या मांडीवर पेंगत होती. सकाळीच त्यांनी भाऊसाहेबांची खोली रिकामी केली होती. पायाशी त्यांचा स्टोव्ह होता, सुतळीने आवळून बांधलेला. वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. भाषण मला पाठ होतं, एक शब्दही विसरलो नव्हतो.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "इथलं आमी बघून घेतो. तुमी घरी जा."

उत्तराचं भाषण त्यांनी केलं नाही. "बरं," एवढंच म्हणाले आणि खांद्यावरची शाल सारखी केली.

त्यानंतर कचेरीतले लोक महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि वर्षाच्या आत तिघे बदली करून निघूनही गेले. त्यांना थांबवायची कला मला कधीच जमली नाही. त्या दिवशी मी केलं ते बरोबरच केलं, याबद्दल मला शंका नाही. पण आयुष्यात कुणाला धरून ठेवावंसं वाटलं असेल, तर ते भाऊसाहेबांनाच.